सेनेकाच्या खालचा मजला: नेपल्स ते ओस्तिया, जुनी पानं हातात धरून

नेपल्स, पाँपेई आणि रोमला जाणारे मराठी पर्यटक आता पुष्कळ आहेत. बहुतेकांच्या वाट्याला देवळं, सम्राट आणि ज्वालामुखी येतो. ऑक्टोबरअखेरच्या या फेरीत सम्राटांना सुट्टी दिली होती. साधा रोमन माणूस काय खात होता, दुपारी कुठे आंघोळीला जात होता आणि संध्याकाळी कशावर पैसे लावत होता, एवढंच पाहायचं ठरलं. पद्धत सोपी होती. रोज एखाद-दोन जुने उतारे निवडायचे, ते जागेवर उभं राहून वाचायचे आणि जमिनीतून निघालेल्या वस्तूंशी ताडून पाहायचे.

उतारे निवडताना लिहिणारा कोण आणि कुणासाठी लिहितोय, हे आधी पाहावं लागतं. सेनेका हा नीरोचा गुरू आणि गडगंज श्रीमंत. मार्शल आणि ज्युव्हेनल टोपी उडवणारे कवी. पेट्रोनियसच्या कादंबरीतली ट्रिमाल्किओची मेजवानी म्हणजे नवश्रीमंतांची खिल्ली आहे. ती 'रोमन जेवण' म्हणून सर्रास सांगितली जाते, ही या विषयातली सर्वांत मोठी गल्लत. याउलट भिंतीवरचे ओरखडे, खर्चाच्या याद्या आणि गटारातला गाळ यांना वाचकावर छाप पाडायची नसते.

निघण्यापूर्वी एक हिशेब करून ठेवावा. रोमन लोक सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेचे बारा भाग करत, त्यामुळे त्यांचा तास ऋतूप्रमाणे लांबत-आखडत असे. रोममध्ये भर उन्हाळ्यात तो साधारण 75 मिनिटांचा, तर भर हिवाळ्यात 45 मिनिटांचा. ऑक्टोबरअखेर नेपल्समध्ये उजेड असतो सुमारे 10 तास 40 मिनिटं, म्हणजे रोमन तास झाला 53 मिनिटांचा. मार्शलने चौथ्या पुस्तकातल्या आठव्या कवितेत दिवसाचं वेळापत्रक दिलंय: पहिले दोन तास मोठ्या लोकांच्या दारी मुजऱ्याला, तिसरा वकिलांचा, पाचव्यापर्यंत कामधंदा, सहाव्यात विश्रांती, आठव्यात व्यायाम आणि आंघोळ, नवव्यात जेवण. आपल्या घड्याळात त्यांचा आठवा तास साडेबाराच्या सुमाराला सुरू होतो आणि नववा दीडला. स्नानगृहं त्याच वेळी पाहायची असं ठरवलं, आणि दिवसाचा बाकी बेत त्याभोवती बसवला.

पहिला दिवस: नेपल्सचं पुरातत्त्व संग्रहालय

पाँपेईच्या आधी हे संग्रहालय पाहावं. चांगली चित्रं आणि वस्तू इथे आणल्या आहेत, तिकडे उरल्यात भिंती. मंगळवारी बंद असतं, तेवढं लक्षात ठेवा.

साल्व्हिउसच्या खानावळीतून काढून आणलेली चित्रपट्टी इथे आहे. बहुतेक लोक तिच्यापुढून न थांबता जातात. चार चौकटी आहेत आणि माणसांच्या डोक्यावर त्यांचे संवाद लिहिलेत, अगदी चित्रकथेसारखे. एका चौकटीत वाढणारी बाई पेला घेऊन येते आणि दोन गिऱ्हाईकं "इकडे", "नाही, माझा आहे" म्हणून भांडतात. ती वैतागून म्हणते, ज्याला हवा त्याने घ्या, आणि तिसऱ्यालाच हाक मारते. पुढच्या चौकटीत फासे चाललेत. एक म्हणतो, मी सुटलो. दुसरा म्हणतो, तीन कुठले, दोन पडलेत. शेवटी हातघाई, आणि मालक दोघांना ढकलत सांगतो: बाहेर जाऊन भांडा. लॅटिन अशुद्ध आहे, आणि तेच मोलाचं. सिसेरोच्या भाषणांतून रस्त्यावरचं लॅटिन ऐकू येत नाही, इथे येतं.

शेजारच्या दालनांत कोळसा झालेला गोल पाव आहे, वर आठ फोडींच्या रेघा. पाँपेईबरोबरच गाडल्या गेलेल्या शेजारच्या हर्क्युलेनियम गावच्या एका पावावर तर छाप आहे: क्विंटस ग्रॅनियस व्हेरसचा गुलाम सेलेर. भट्टीतून पाव कुणाचा हे कळावं म्हणून असा शिक्का मारत असावेत. जूलिया फेलिक्सच्या वाड्यातली बाजाराची चित्रंही चुकवू नका: चपला विकणारा, कापड पारखणाऱ्या बायका, आणि एका पोराला उचलून धरून मास्तर फटके देतोय.

मराठी माणसाने 'गुप्त दालना'तही डोकवावं. कामुक चित्रांसाठी प्रसिद्ध असलेल्या या खोलीत पंचवीस सेंटिमीटरपेक्षा किंचित कमी उंचीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे. 1938 साली ती पाँपेईच्या एका घरात मिळाली. 'पाँपेईची लक्ष्मी' हे नाव रूढ झालंय, पण अभ्यासक तिला यक्षी म्हणणं पसंत करतात. डोक्यावरच्या भोकावरून ती एखाद्या सामानाचा भाग असावी असं दिसतं. अशाच धाटणीच्या मूर्ती जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला आणि मराठवाड्यातल्याच तेरला सापडल्या आहेत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक व्यापारी टिपणात पैठण आणि तगर म्हणजे तेर यांची नावं आहेत. तिथून गाड्यांत भरून गोमेदासारखे दगड आणि कापड भडोचच्या बंदरात येत असे. निसर्गाचा ज्ञानकोश लिहिणारा थोरला प्लिनी त्याच काळात कुरकुरतो की भारत दरवर्षी साम्राज्याचे पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. तो मिऱ्यांचे भावही देतो: पौंडाला लांब मिरी म्हणजे पिंपळी 15 देनारी (देनारिउस म्हणजे चार सेस्टर्सचं नाणं), पांढरी 7, काळी 4.

संध्याकाळी पाऊस आला. स्टेशनामागच्या एका छोट्या दुकानात मिरी घातलेले ताराल्ली, म्हणजे कडक गोल बिस्किटं, चांगले मिळतात. वयस्क दुकानदार प्रत्येकाला बजावत होता, आधी वास घ्या, मग खा.

दुसरा दिवस: पाँपेई

गारिबाल्दी स्थानकावरून लोकल पाऊण तासाच्या आत 'पाँपेई स्कावी' ला सोडते. नोव्हेंबर 2024 पासून दिवसाला 20,000 लोकांनाच प्रवेश आहे आणि तिकिटावर नाव असतं, त्यामुळे पासपोर्ट जवळ ठेवा. 30 × 30 × 15 सेंटिमीटरपेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नाही. पाण्याची बाटली मात्र न्या, रस्त्यावरच्या नळांना पिण्याचं पाणी आहे.

अँफिथिएटरच्या दाराने आत शिरलात तर सकाळी गर्दी टळते. हे मैदान ख्रिस्तपूर्व 70 च्या सुमाराचं आहे. इथे वाचायचा तो रोमन इतिहासकार टॅसिटसच्या 'अ‍ॅनल्स' या ग्रंथातला 14 व्या पुस्तकाचा 17 वा परिच्छेद. इसवी सन 59 मध्ये ग्लॅडिएटरांच्या खेळावेळी पाँपेई आणि शेजारच्या नुकेरियाच्या प्रेक्षकांत शिवीगाळ झाली, मग दगड, मग तलवारी. सिनेटने इथे दहा वर्षं असे खेळ बंद केले. या दंगलीचं चित्र नेपल्सला आहे, ते आदल्या दिवशी पाहिलं असेल तर बाहेरचे जिने लगेच ओळखू येतात. टॅसिटसला यात रोममधलं राजकारण दिसतं. चित्र घरात रंगवून घेणाऱ्याला बहुधा आपल्या गावाची मर्दुमकी दिसत होती.

खेळांच्या जाहिराती भिंतींवर रंगवल्या जात. एका जाहिरातीत 8 ते 12 एप्रिलला लुक्रेतियस व्हॅलेन्सच्या 20 आणि त्याच्या मुलाच्या 10 ग्लॅडिएटरांच्या जोड्या लढतील, शिकारीचा खेळ होईल, असं सांगून शेवटी घातलंय: वर कापडी छत असेल. उन्हात पाच दिवस बसणाऱ्याला हीच बातमी महत्त्वाची. खाली रंगाऱ्याची सही आहे: एमिलियस केलेर याने हे एकट्याने, चांदण्यात लिहिलं.

मुख्य रस्त्याने पुढे निघालं की दर थोड्या अंतरावर खाद्यपदार्थांची दुकानं लागतात. रस्त्याच्या कडेला दगडी कट्टा, त्यात गळ्यापर्यंत बुडवलेले मातीचे रांजण. कोपऱ्यावरच्या अमृततुल्यासारखी ही दुकानं, उभ्याने घ्या आणि चालू लागा. या रांजणांत काय असे यावर जुना वाद आहे. सच्छिद्र माती, तीही कट्ट्यात पक्की बसवलेली, धुणार कशी? म्हणून सुका माल, कडधान्यं, फळं असावीत असं पुष्कळांचं मत होतं. 2020 साली पाचव्या विभागातलं एक दुकान पूर्ण उकरून झालं आणि तिथल्या भांड्यांत डुक्कर, बकरी, मासे, गोगलगायी असं एकत्र शिजवलेलं निघालं. बदकाचं हाडही मिळालं, आणि कट्ट्यावर बदकांचं चित्र होतंच. एका रांजणाच्या तळाशी भरडलेला बाकला, म्हणजे मोठ्या दाण्याची शेंग, सापडला. याचा खुलासा एपिकियसच्या नावावरच्या रोमन पाककृतींत आहे: लाल मद्य पांढरं करायचं तर त्यात बाकल्याचं पीठ किंवा तीन अंड्यांचा पांढरा बलक घालून पुष्कळ वेळ घुसळा. पाठ्य आणि पुरावा इतके नेमके क्वचितच जुळतात. हे दुकान ठरावीक वेळीच उघडतात, आत शिरतानाच चौकशी करा.

दर पाहायचे असतील तर हेडोनेच्या मद्यालयाची भिंत: इथे एका आसला प्यायला मिळेल, दोन दिलेत तर बरी मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन, म्हणजे उंची मद्य. आस म्हणजे तांब्याचं नाणं. चार आसचा एक सेस्टर्स, चार सेस्टर्सचा एक देनारिउस. एवढं पाठ केलं की पुढचं सोपं. दुसऱ्या एका घरात कुणीतरी रोजचा खर्च भिंतीवर कोरलाय: चीज 1, पाव 8, तेल 3, मद्य 3. एका दिवसाचे 15 आस, म्हणजे देनारिउसला एक कमी. दुसऱ्या दिवसाच्या यादीत मालकाच्या पावाला 8 आस आणि 'पोराच्या', म्हणजे गुलामाच्या, पावाला 2. घरातली उतरंड या दोन आकड्यांत दिसते. शेजारी स्नानगृहाचा दर ठेवून पाहा: रोममध्ये तो पाव आस असे. रोमन शहरात सर्वांत स्वस्त करमणूक आंघोळ होती, आणि तिथे इतकी गर्दी का, हे यावरून कळतं.

सव्वाबाराला स्टाबियन स्नानगृह गाठलं. सेनेकाचं 56 वं पत्र इथेच वाचायचं. तो अशाच एका (याच नव्हे) स्नानगृहाच्या वरच्या मजल्यावर राहत होता आणि आवाजांची यादी देतो. शिशाची वजनं उचलणारे कण्हतात. मालीशवाल्याचा हात सपाट पडलाय की ओंजळ करून, हे खांद्यावरच्या आवाजावरून कळतं. चेंडू मोजणारा आला की संपलंच. कुणी हौदात धपकन उडी टाकतं. केस उपटणारा गिऱ्हाईक मिळवायला किंचाळतो, आणि गप्प बसतो तेव्हा दुसरा किंचाळत असतो. शिवाय सॉसेज, पोळ्या, पेयं विकणारे, प्रत्येकाची वेगळी आरोळी. पत्राचा हेतू वेगळाच आहे. गोंगाटातही मन शांत ठेवता येतं, हे त्याला शिकवायचंय, म्हणून गोंगाट वाढवून सांगितलेला असू शकतो. पण यादीतल्या बहुतेक आवाजांना इथे जागा सापडते: मधलं व्यायामाचं अंगण, त्याच्या कडेचा पोहण्याचा हौद, रस्त्याच्या बाजूची दुकानं. पत्रात नाही तो भट्टीत लाकूड सारणारा गुलाम. भट्टी भिंतीमागे होती, सेनेकापर्यंत तिचा आवाज पोचला नसावा.

फरशी खचलेल्या जागी खालचे विटांचे खांब दिसतात. बांधकामावर ग्रंथ लिहिणाऱ्या व्हिट्रुव्हियसने पाचव्या पुस्तकात यांची कृती दिलीय. तळाला दीड फुटी कौलं भट्टीकडे उतार देऊन बसवायची, इतका उतार की आत टाकलेला चेंडू परत तोंडाशी यावा. त्यावर आठ इंची विटांचे दोन फूट उंच खांब, मध्ये केस मिसळलेली माती, वर दोन फुटी कौलं आणि मग फरशी. रोमन फूट 29.6 सेंटिमीटरचा, म्हणजे पोकळी साठ सेंटिमीटरच्या आसपास. उतारामुळे ज्वाळा फरशीखाली सहज पसरतात, असं तो म्हणतो. टेप जवळ असेल तर मोजून पाहा. प्रत्यक्षातले खांब पुस्तकाबरहुकूम नसतात, गवंड्यांनी मिळेल ती वीट वापरलेली दिसते.

मग फोरमचं, म्हणजे गावच्या मुख्य चौकाजवळचं, स्नानगृह. उष्ण खोलीच्या छताला पन्हळीसारख्या खाचा आहेत, वाफेचं पाणी डोक्यावर न टपकता भिंतीवरून ओघळावं म्हणून. संगमरवरी थाळ्याच्या काठावर ब्राँझच्या अक्षरांत दोन अधिकाऱ्यांची नावं आणि किंमत आहे: 5,250 सेस्टर्स. सार्वजनिक पैशाचा हिशेब तोंड धुतानाच वाचायला मिळे.

जाता जाता मोडेस्टसची बेकरी. तिच्या भट्टीत 81 पाव तसेच राहिले होते.

तिसरा दिवस: हर्क्युलेनियम

एर्कोलानो स्कावी स्थानकावरून सरळ उतार, दहा मिनिटं चालणं. गाव लहान आहे, अर्ध्या दिवसात होतं. लाकूड टिकलंय हे इथलं वैशिष्ट्य: दारं, सरकते पडदे, माळ्याचे वासे, पलंग. एका दुकानाबाहेर चार रंगांचे चार सुरई रंगवलेत आणि प्रत्येकाखाली वेगळा भाव.

इथला खरा ग्रंथ जमिनीखाली आहे. पूर्वेकडच्या चाळवजा इमारतीखालचं सुमारे 86 मीटर लांब मलकुंड उत्खननात रिकामं केलं आणि सातशेहून अधिक पोती मैला निघाला. वर दुकानदार आणि भाडेकरू राहत, त्यामुळे खाणारे मध्यम किंवा गरीब. चाळणीत मिळालं काय? माशांची हाडं, समुद्री साळ म्हणजे सी अर्चिन, अंड्याची टरफलं, अंजिराच्या बिया, ऑलिव्ह. मार्शल आणि ज्युव्हेनल गरिबाला कडधान्यं आणि शिळ्या भाजीवर जगवतात. या गाळाने ते चित्र बरंच दुरुस्त केलं. अर्थात हे समुद्रकाठचं सुखवस्तू गाव आहे, रोमच्या पाचव्या मजल्यावरच्या भाडेकरूला हे लागू करू नये.

मलकुंड पाहता येत नाही. तिथला पहारेकरी मात्र विषय निघताच खुलला आणि कुठल्या भिंतीतून नळ खाली जातो ते हाताने दाखवू लागला. स्वयंपाकाचा कट्टा आणि संडास एकाच कोपऱ्यात, हे पाहून पुण्या-मुंबईचा कुणीही पाहुणा जागच्या जागी थबकेल. खरकटं आणि सांडपाणी एकाच भोकात टाकायची ती सोय होती.

चौथा दिवस: चेतारा

हा दिवस एका बाटलीसाठी. सालेर्नोहून बस समुद्राच्या कडेकडेने अर्ध्या तासात चेतारा या कोळ्यांच्या गावात पोचवते. पाऊस होता, होड्या ओढून ठेवलेल्या, रस्त्यावर कुणी नाही.

रोमन स्वयंपाकात मिठाच्या जागी माशांचा आंबवलेला रस पडे, गारुम किंवा लिक्वामेन. पाँपेईत ऑलस अंब्रिकियस स्कॉरस याने यात इतका पैसा केला की घरातल्या फरशीवर आपल्या बरण्या नक्षीत बसवल्या, लेबलांसकट. 'गेओपोनिका' या शेतीविषयक संग्रहात कृती आहे. एक मोदिउस माशांना दोन सेक्स्टारी मीठ. मोदिउसमध्ये 16 सेक्स्टारी, म्हणजे मापाने आठास एक. रात्रभर मुरवून मातीच्या भांड्यात उन्हात ठेवायचं, दोन-तीन महिने मधूनमधून काठीने ढवळायचं, मग झाकून साठवायचं. घाई असेल तर खारं पाणी करा, इतकं खारट की अंडं तरंगावं. त्यात ओरेगानोसह मासे शिजवा आणि दोन-तीनदा गाळा.

माशांच्या आतड्यातले पाचक रस मांस विरघळवतात, म्हणून मासे आतड्यांसकट टाकायचे. मीठ कमी पडलं तर जंतू माजतात आणि सडतं. फार पडलं तर विरघळण्याची क्रियाच मंदावते. चेताऱ्याची 'कोलातुरा' याची नातेवाईक आहे, जुळी बहीण नव्हे. इथे अँकोव्ही या छोट्या माशाचं डोकं आणि आतडी काढून मिठाचे थर देत चेस्टनटच्या पिंपात दाबून ठेवतात, आणि महिनोनमहिने मुरल्यावर तळाशी भोक पाडून थेंबथेंब रस काढतात. 2020 पासून तिला युरोपचं भौगोलिक नामांकन आहे.

लेखकांचं काय करायचं? सेनेका गारुमला महागडा सडका रस म्हणतो. थोरला प्लिनी दोन काँगी, म्हणजे साडेसहा लिटर, उत्तम प्रतीच्या रसाला हजार सेस्टर्स पडतात असं सांगतो. दोघेही वरच्या प्रतीबद्दल बोलतात. पाँपेईच्या साध्या घरांतूनही बरण्या निघतात, म्हणजे हलक्या प्रतीचा माल सगळीकडे जात होता.

खानावळीतल्या बाईंनी कोलातुरा घातलेली स्पॅगेटी वाढताना कृतीही सांगितली. उकळत्या पाण्यात मीठ अजिबात नाही, माणशी एक छोटा चमचा रस, तोही विस्तव बंद केल्यावर. रस शिजवला की नुसता वास उरतो. चव खारट आणि खोल, माशाची आठवण उशिरा येते.

अंडं चालणाऱ्या शाकाहारी मंडळींनी हा दिवस गाळून 'लिबुम' हा चीजचा पाव घरी करावा, शेतीवर लिहिणाऱ्या केटोच्या कृतीने. दोन रोमन पौंड चीज, म्हणजे 650 ग्रॅम, खलात चांगलं घोटा. एक पौंड, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅम गव्हाचं पीठ मिसळा, नरम हवं तर निम्मंच. एक अंडं घाला, मळा, खाली तमालपत्रं ठेवून झाकणाखाली मंद भाजा. रिकोट्टा फार ओला असेल तर गोळा पसरतो, म्हणून फडक्यात तासभर टांगून ठेवा. घरचं ताजं पनीर चालतं. केटो नुसतं 'पानं' म्हणतो. इथलं तमालपत्र म्हणजे भूमध्य सागरी बे लॉरेल. आपला तेजपत्ता वेगळ्या झाडाचा, त्याने दालचिनीकडे झुकणारा वास येतो.

पाचवा दिवस: रोम

सकाळी पोर्ता माज्जोरे ही जुनी वेस. ट्रामच्या रुळांमध्ये युरिसाकेस नावाच्या बेकरीवाल्याची ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातली कबर उभी आहे, बाहेरून फुकट दिसते. वरची कोरीव पट्टी कबरीभोवती फिरून वाचा: धान्य दळणं, चाळणं, जनावराकडून फिरवलेलं पीठ मळण्याचं यंत्र, लांब मेजावर गोळे, भट्टी, शेवटी तराजू आणि हिशेब तपासणारे अधिकारी. पाव कसा बनायचा, याचा इतका क्रमवार पुरावा दुसरीकडे क्वचितच मिळेल, आणि तो लिहिणाराही धंद्यातलाच.

कॅपिटोलच्या पायथ्याशी एका बहुमजली चाळीचे अवशेष रस्त्यावरूनच दिसतात. इथे ज्युव्हेनलची तिसरी कविता. रात्री जेवायला बाहेर पडायचं तर आधी मृत्युपत्र करा, कारण खिडक्यांतून भांडी पडतात, असं तो म्हणतो. अतिशयोक्ती? कायद्याचं पुस्तक उघडा. 'डायजेस्ट'च्या नवव्या पुस्तकात खिडकीतून ओतलेल्या आणि फेकलेल्या वस्तूंवर स्वतंत्र प्रकरण आहे: नुकसानीची दुप्पट भरपाई, आणि स्वतंत्र माणूस मेला तर सोन्याची 50 नाणी दंड. कायदा करावा लागला म्हणजे भांडी पडत होती. कवीची तक्रार तपासायला कायद्यासारखा साक्षीदार नाही.

फोरममध्ये बॅसिलिका जूलियाच्या पायऱ्यांवर खेळाचे पट कोरलेत. दुपारची तिरपी उन्हं पडली की रेघा स्पष्ट दिसतात, डोक्यावर ऊन असताना काहीच दिसत नाही. फाश्यांच्या एका खेळाचा नियम चरित्रकार सुएटोनियसमुळे उरलाय, खुद्द सम्राट ऑगस्टसच्या पत्रातून. चार मेंढीच्या घोट्याची हाडं घ्या. रुंद बाजू 3 आणि 4 च्या, अरुंद 1 आणि 6 च्या. 2 आणि 5 नसतातच. एक किंवा सहा पडला की त्या प्रत्येक हाडामागे एक देनारिउस मध्ये टाकायचा. चारही वेगवेगळे पडले की 'व्हीनस', सगळा गल्ला त्याचा. हाडं अरुंद बाजूवर कमी वेळा उभी राहतात, म्हणून व्हीनस साधारण पंचवीस फेकींत एकदा येतो आणि तोवर गल्ला भरत राहतो. ऑगस्टस लिहितो की एका सणात तो 20,000 सेस्टर्स हरला. प्लास्टिकची हाडं चालतात, पण ती सगळ्या बाजूंवर सारखी पडली तर खेळ लवकर संपतो.

सर्कस मॅक्सिमस, म्हणजे रथांच्या शर्यतींची जागा, आज गवताचं मैदान आहे, 600 मीटरपेक्षा लांब. बाकांच्या अरुंद रेषा मुलीला खेटून बसायला भाग पाडतात, तिच्या मांडीवर धूळ नसली तरी झटका, असा प्रेमकवी ओव्हिडचा सल्ला. थोरल्याचा भाचा धाकटा प्लिनी नाक मुरडतो: लोकांना घोड्यांशी देणंघेणं नाही, सारथ्याच्या कापडाच्या रंगाशी आहे, शर्यतीत मध्येच रंग बदलले तर प्रेमही बदलेल. दोघे एकाच गर्दीबद्दल बोलतात. प्रेक्षक किती? ग्रीक इतिहासकार दियोनिसियस दीड लाख सांगतो, थोरला प्लिनी अडीच लाख. असे आकडे घाऊक पद्धतीने घेऊ नयेत. डिओक्लेस या सारथ्याचा शिलालेख मात्र हिशेबनीस आहे: 24 वर्षं, 4,257 शर्यती, 1,462 विजय, कमाई 3,58,63,120 सेस्टर्स. निवृत्तीचं वय 42.

रात्री तेस्ताच्चो भागात चीज-मिरीची स्पॅगेटी. टोमॅटो रोमन लोकांना माहीत नव्हता, ही मात्र त्यांना चालली असती.

शेवटचा दिवस: ओस्तिया

पिरामिदे मेट्रोशेजारच्या स्थानकातून लोकल घ्या, ओस्तिया अँतिका, म्हणजे रोमचं जुनं बंदर. सोमवारी बंद. पाँपेईपेक्षा गर्दी फार कमी, आणि ही वस्ती दुसऱ्या-तिसऱ्या शतकातली, चाळींची.

फोरमच्या स्नानगृहात दुपारी दीडनंतर जा. व्हिट्रुव्हियस सांगतो की उष्ण खोल्यांचं तोंड हिवाळ्यातल्या मावळतीकडे असावं, कारण लोक दुपारपासून संध्याकाळपर्यंत आंघोळ करतात. इथल्या खोल्या पायरी-पायरीने पुढे काढल्यात, म्हणजे एकीची सावली दुसरीवर पडत नाही, आणि प्रचंड खिडक्या नैर्ऋत्येकडे. पाऊस थांबून ऊन आलं तेव्हा अष्टकोनी खोलीच्या भिंती हाताला कोमट लागत होत्या, आणि बाहेर जाकीट लागत होतं. याच खोल्या सकाळी पाहिल्या तर सगळा डाव हुकतो.

'सात ज्ञानी' या स्नानगृहात ग्रीक तत्त्वज्ञ रंगवलेत आणि प्रत्येकाला शौचाचं ज्ञान चिकटवलंय. सोलोन पोट चोळायला सांगतो, थालीस कुंथायला, आणि धूर्त किलोन आवाज न करता वारा कसा सोडावा ते शिकवतो. शाळेत घोकून घेतलेल्या सुविचारांची ही थट्टा, आणि ती कळायला गिऱ्हाइकाला आधी सुविचार माहीत हवेत. असा भिंतीवरचा विनोद वाचणारे अगदीच अडाणी नव्हते.

निघण्यापूर्वी फोर्तुनातुसच्या मद्यालयाची फरशी. "पाहुण्या, फोर्तुनातुस म्हणतो, तहान लागलीय तर मद्य पी." फोटो काढताना अक्षरं मोजा. मधला तुकडा गेलाय, आणि 'मद्य' अभ्यासकांनी भरून घेतलंय. छापील पुस्तकात शिलालेख वाचताना चौकटी कंस आला तर ती अक्षरं दगडावर नाहीत, तर्काने भरलेली आहेत. गोल कंस म्हणजे संक्षेप सोडवून लिहिलेला. पाँपेईच्या भिंतींवरचे दहा हजारांहून अधिक मजकूर लॅटिन शिलालेखांच्या संग्रहाच्या चौथ्या खंडात आहेत, आणि पुष्कळसे आता इंटरनेटवर जागेप्रमाणे शोधता येतात. घराचा पत्ता विभाग, गट आणि दार अशा तीन आकड्यांनी लिहितात. निघण्यापूर्वी हव्या त्या दारांचे आकडे नकाशावर टिपून ठेवा, आत पोचल्यावर मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही.